जुन्या पेट्रोल गाडीतील कूलंट सेन्सर: दोष पारखण्यापासून बदलण्यापर्यंत

डिसेंबरातल्या सकाळी गाडी दोन-तीनदा स्टार्टर मारल्याशिवाय सुरू होत नाही, सुरू झाली की सायलेन्सरमधून काळपट धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो, पंधरावर असलेले मायलेज दहा-अकरावर उतरते आणि तरीही डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागत नाही. अशी तक्रार घेऊन जुनी गाडी गॅरेजात गेली, तर बहुधा आधी प्लग बदलले जातात, मग एअर फिल्टर, मग पेट्रोल फिल्टर, आणि एवढे करूनही फरक पडला नाही की संशय ऑक्सिजन सेन्सरवर जातो, जो या सगळ्यांत महाग असतो. माझ्या २००५ सालच्या वॅगनआरचे सगळे याच क्रमाने झाले. शेवटी दोष निघाला तो काही शे रुपयांच्या एका पितळी तुकड्यात, आणि तो शोधायला लागले एक साधे मल्टिमीटर, वाटीभर बर्फ आणि स्वयंपाकघरातून निवृत्त झालेले एक पातेले.

हा तुकडा म्हणजे कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे (कूलंटचे) तापमान मोजणारा भाग. कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आल्यानंतरच्या, म्हणजे साधारणपणे २००० सालापासूनच्या मारुती ८००, ॲल्टो, झेन, वॅगनआर अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून पुढील माहिती दिली आहे. इतर कंपन्यांच्या त्या काळातील पेट्रोल गाड्यांतही तत्त्व हेच असते, जागा आणि आकडे मात्र थोडे बदलतात. सेन्सर काढून नवा बसवणे हे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. तो खरोखरच बिघडला आहे का, हे ठरवायला मात्र त्याच्या तिप्पट वेळ द्यावा असे माझे मत आहे, आणि लेखाची जागाही त्याच प्रमाणात वाटली आहे.

सेन्सरचे काम

इंजिन गार असताना फवारलेल्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्यातले बरेचसे मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, गार भिंतींना चिकटून राहते. म्हणून गार इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावे लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत आपण चोक ओढत असू तो यासाठीच, आणि चोक परत ढकलायला विसरून चार किलोमीटर गेलेली गाडी कशी धापा टाकते, काळी ओकते आणि पेट्रोल पिते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सेन्सरचा बिघाड समजावून सांगावा लागत नाही. एमपीएफआय गाडीत चोक नसतो. त्याचे काम ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, करतो आणि इंजिन किती गार आहे हे त्याला या एका सेन्सरकडूनच कळते.

सेन्सरच्या पितळी टोकाच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. जुन्या सुझुकी इंजिनांच्या सेन्सरमध्ये हा रोध शून्य अंश सेल्सिअसला सुमारे पावणेसहा किलोओहम, २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास, ४० अंशांना साधारण सव्वा, ६० अंशांना ०.६ आणि ८० अंशांना जेमतेम ०.३ किलोओहम असतो. ईसीयू एका तारेतून ५ व्होल्टचा पुरवठा देतो, दुसरी तार अर्थची असते, आणि सेन्सरच्या रोधानुसार पहिल्या तारेवर किती व्होल्ट उरतात त्यावरून तो तापमान काढतो. इंजिन गार असताना हे व्होल्टेज अडीच-तीनच्या घरात असते आणि इंजिन पुरते तापल्यावर ते एका व्होल्टच्या खाली येते.

यावरून बिघाडाचे तीन प्रकार आपोआप कळतात. तार तुटली किंवा कनेक्टर सुटला, तर रोध अमर्याद होतो आणि ईसीयूला वाटते की इंजिन उणे ४० अंशांवर आहे. तारा एकमेकींना चिकटल्या, तर त्याला इंजिन भयंकर तापल्यासारखे दिसते. हे दोन्ही प्रकार ईसीयूला पटण्यासारखे नसतात, म्हणून तो दिवा लावतो, ठरावीक तापमान गृहीत धरून गाडी चालवतो आणि सुरक्षिततेसाठी बहुतेक मॉडेलांत रेडिएटरचा पंखा सतत फिरता ठेवतो. तिसरा प्रकार सर्वांत त्रासदायक आहे. सेन्सर जिवंत असतो, आकडाही शक्य कोटीतला देतो, पण तो चुकीचा असतो. २७ अंशांच्या सकाळी त्याने ८ अंश सांगितले, तर ईसीयूला संशय येण्याचे काही कारण नसते. महाबळेश्वरला जानेवारीत खरोखरच तेवढे तापमान असू शकते. म्हणून दिवा लागत नाही आणि ईसीयूत दोषाचा कोडही साठवला जात नाही.

हा दोष केवळ पेट्रोलच्या खर्चाचा नाही. सतत जास्त पेट्रोल गेल्याने प्लगवर काजळी धरते, न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो आणि पीयूसीला गाडी नापास होते, कारण बीएस २ व बीएस ३ (भारत स्टेज) या प्रदूषण नियमांच्या काळातील पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. याहून गंभीर बाब पंख्याची आहे. ज्या गाड्यांत पंखा ईसीयूच्या हुकमावर चालतो, त्यांत सेन्सर खरे तापमान कमी करून सांगत असेल तर पंखा उशिरा सुरू होतो किंवा होतच नाही, आणि वाहतूक कोंडीत हेड गॅस्केट जाण्यापर्यंत पाळी येते.

दोन सारखे दिसणारे भाग

काम सुरू करण्यापूर्वी एक घोटाळा टाळावा. अनेक जुन्या गाड्यांत तापमान मोजणारे दोन वेगळे भाग जवळजवळ बसवलेले असतात. त्यांतला एकच तार असलेला भाग डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी असतो आणि त्याचा अर्थ इंजिनाच्या धातूतून मिळतो. ईसीयूसाठीच्या सेन्सरच्या कनेक्टरला दोन तारा असतात. दोन्ही पितळी, दोन्ही षटकोनी माथ्याचे, त्यामुळे नवख्याच्या हातून काट्याचा भाग बदलला जातो आणि गाडी आहे तशीच राहते. काही मॉडेलांत तीन तारांचा एकच भाग दोन्ही कामे करतो, तेव्हा तारा मोजल्याशिवाय पाना लावू नये. हा सेन्सर बहुधा सिलिंडर हेड किंवा इनटेक मॅनिफोल्डवर, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगच्या आसपास सापडतो. रेडिएटरचा वरचा जाड होज धरून इंजिनाकडे गेले की तिथे पोचायला होते.

हे दोन भाग वेगळे असणे निदानाच्या दृष्टीने सोयीचेही आहे. काटा मधोमध, म्हणजे इंजिन पुरते तापलेले, आणि ईसीयूला मिळणारा आकडा मात्र ५०-५५ अंशांचा असेल, तर दोघांपैकी एक खोटा आहे. याउलट काटाही खाली आणि ईसीयूचा आकडाही खाली असेल, तर दोघेही खरे सांगत असण्याची शक्यता जास्त. मग इंजिनच गार चालत आहे आणि संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. आपल्याकडे गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, अशी पद्धत अनेक गॅरेजांत होती व अजूनही आहे. तसे केलेले इंजिन हायवेवर कधीच योग्य तापमानाला पोचत नाही आणि त्याची लक्षणे हुबेहूब सेन्सरच्या बिघाडासारखी दिसतात. सेकंडहँड गाडी घेतली असेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही हे आधी पाहावे. त्यासाठी इंजिन गार असताना सुरू करून वरच्या होजवर हात ठेवावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज काही मिनिटे गार राहतो आणि मग, ८२ किंवा ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडला की, अचानक गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जाणारा होज म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा तो तिथे नाहीच.

लागणारे साहित्य

डिजिटल मल्टिमीटर, १९ नंबरची खोल गोटी किंवा रिंग पाना (माप गाडीनुसार तपासून घ्यावे), पक्कड, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, फडकी, पाणी झेलायला एक पसरट घमेले आणि मूळ कूलंटच्याच प्रकारचे लिटर-दोन लिटर कूलंट एवढे पुरते. स्वयंपाकघरातील थर्मामीटर असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही.

नवा सेन्सर चासी क्रमांक सांगून मूळ कंपनीचा घ्यावा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत कनेक्टर वेगळा निघू शकतो. पुण्यात नाना पेठेत आणि तशाच प्रत्येक मोठ्या शहराच्या स्पेअर पार्टच्या बाजारात तो मिळतो. भंगारातल्या गाडीचा काढलेला सेन्सर स्वस्त मिळतो, परंतु तोही आपल्या सेन्सरइतकाच म्हातारा असतो, म्हणून तो घेऊ नये. सेन्सरबरोबर नवे वॉशर किंवा ओ रिंग मागून घ्यायला विसरू नये.

सुरक्षितता

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण आणि शिटी न काढलेल्या कुकरचे झाकण यांत फरक करू नये. झाकणामुळे आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलोचा दाब राहतो, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलेले पाणी उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन अंगावर येते. इंजिन किमान तीन-चार तास, शक्यतो रात्रभर गार होऊ द्यावे. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावा. चावी ऑन असताना सेन्सरचा कनेक्टर काढला की पंखा अचानक फिरू लागतो, तेव्हा हात, ओढणी, बाही पात्यांपासून दूर ठेवावी. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, गटारात ओतू नये आणि मुलांपासून लांब ठेवावे.

तपासणी

पहिली पायरी डोळ्यांची. रिझर्व्ह बाटलीतील आणि, इंजिन गार असताना, रेडिएटरमधील पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी असेल तर सेन्सरचे टोक हवेत राहते आणि चांगला सेन्सरही चुकीचा आकडा देतो. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरलेल्या गाड्यांत टोकावर क्षारांचा पांढरा थर साचतो आणि सेन्सर पाण्याच्या बदलांना उशिरा प्रतिसाद देतो. मराठवाड्यातल्या गाड्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हा थर परिचयाचा असेल. नंतर सेन्सरपासून निघणाऱ्या तारा जिथपर्यंत दिसतात तिथपर्यंत पाहाव्यात. पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला येणारे उंदीर याच जाडीच्या तारा कुरतडतात, आणि वरून अखंड दिसणारी तार कनेक्टरपाशी वाकून आतून तुटलेली असू शकते.

दुसरी पायरी कनेक्टरची. चावी बंद करून कनेक्टरची कुलपी दाबून तो सरळ बाहेर ओढावा. तारांना धरून ओढू नये. वीस वर्षे उष्णता खाल्लेले प्लास्टिक बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते, म्हणून कुलपी नखाने हळूच उचलावी. आतल्या पिनांवर हिरवी पूड दिसली तर तो तांब्याचा गंज आहे. स्प्रे मारून टूथब्रशने साफ करावे, सुकू द्यावे, कनेक्टर पुन्हा बसवावा आणि दोन दिवस गाडी चालवून पाहावी. बऱ्याचदा काम इथेच संपते.

तिसरी पायरी पुरवठ्याची. कनेक्टर काढलेलाच ठेवून चावी ऑन करावी, इंजिन सुरू करू नये. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून कनेक्टरच्या तारांकडील दोन पिनांमध्ये मोजावे. ५ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ईसीयू आणि दोन्ही तारा ठीक आहेत. काहीच आले नाही, तर लाल प्रोब त्याच पिनवर ठेवून काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावावा. आता ५ व्होल्ट दिसले तर अर्थची तार तुटली आहे. दोन्ही पिनांवर आळीपाळीने असे पाहूनही काही मिळाले नाही तर पुरवठ्याची तार किंवा ईसीयू संशयित ठरतो. या दोन्ही परिस्थितींत नवा सेन्सर बसवून काहीही साध्य होत नाही. मोजताना कुणाला तरी तारांचा जुडगा हलवायला सांगावा. हलवताना आकडा नाचला तर तुटकी जागा सापडली असे समजावे.

ज्यांच्याकडे ब्लूटूथचा स्कॅनर (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारे यंत्र) आहे त्यांच्यासाठी आणखी एक सोपी खूण आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी पहाटे ऑन करून, इंजिन सुरू न करता, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी-शेजारी वाचावे. रात्रभर दोघांनी एकाच गारव्यात काढलेली असल्याने दोन्ही आकडे दोन-चार अंशांच्या फरकात जुळायला हवेत. हवा १४ अंश आणि कूलंट ३५ अंश, असे पहाटे पाच वाजता दिसले तर एक सेन्सर चुकतो आहे. कनेक्टर काढल्यावर आकडा उणे ४० व्हावा आणि तारांकडील दोन पिना क्लिपने जोडल्यावर तो एकदम वरच्या टोकाला जावा. असे झाले तर ईसीयूपर्यंतचा मार्ग निर्दोष आहे. क्लिपचा हा प्रयोग या दोन तारांच्या सेन्सरपुरताच आहे, तीन तारांच्या इतर सेन्सरवर तो करू नये.

कोडविषयी दोन शब्द. पी ०११७ म्हणजे या सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी आणि पी ०११८ म्हणजे फार जास्त. हे कोड सर्किटचे नाव घेतात, सेन्सरचे नव्हे. पी ०११८ सुट्या कनेक्टरमुळेही येतो. पी ०१२८ आला तर बहुधा थर्मोस्टॅट पाहावा लागतो. बीएस ४ नियम एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूरसह तेरा शहरांत आले आणि ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून स्कॅनरला सांगण्याच्या यंत्रणेची) सक्ती त्यांच्याबरोबर सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट दिसले तरी बाजारातला स्वस्त स्कॅनर तिच्याशी बोलेलच असे नाही. माझ्या वॅगनआरशी तो एक अक्षर बोलला नाही. काही जुन्या सुझुकी गाड्यांत डायग्नोसिसचे टर्मिनल अर्थला जोडले की डॅशबोर्डचा दिवाच कोड लुकलुकवून दाखवतो: १२ म्हणजे सर्व ठीक, १४ आणि १५ म्हणजे कूलंट सेन्सरचे सर्किट. हे टर्मिनल कुठे आहे ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच जोडावे.

बर्फ आणि उकळते पाणी

पुरवठा ठीक निघाला की सेन्सरची परीक्षा घ्यायची. सेन्सर गाडीतच ठेवून गार इंजिनावर त्याच्या दोन पिनांमधील रोध मोजणे ही तिची सोपी आवृत्ती आहे. मीटर २० किलोओहमवर ठेवावा आणि हवेच्या तापमानाशी आकडा ताडून पाहावा. महाराष्ट्रातल्या नेहमीच्या २५ ते ३० अंशांच्या सकाळी तो साधारण दोन किलोओहम ते पावणेदोनच्या आसपास यायला हवा. फरक मोठा असेल, तर सेन्सर बाहेर काढून (काढण्याची रीत पुढे दिली आहे) पूर्ण परीक्षा घ्यावी.

थर्मामीटर नसला तरी निसर्गाने दोन तापमाने फुकट दिली आहेत. कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी एकत्र करून ढवळत राहिले की ते मिश्रण शून्य अंशांवर स्थिर राहते. त्यात सेन्सरचे फक्त पितळी टोक बुडवून दोन-तीन मिनिटे थांबावे. मीटरवर पाच ते साडेसहा किलोओहमच्या दरम्यान आकडा स्थिरावला पाहिजे. नंतर जुन्या पातेल्यात पाणी उकळावे आणि सेन्सर तारेने बांधून मधोमध लोंबकळत ठेवावा. तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो, म्हणून टोक तळाला टेकू देऊ नये, आणि कनेक्टरचा भाग कोरडा ठेवावा. मीटर आता २ किलोओहमवर आणावा. उकळत्या पाण्यात आकडा ०.२ किलोओहमच्या जवळपास येतो. समुद्रसपाटीपासून उंच गावात पाणी शंभरच्या आधीच उकळते, पुण्यात ९८ अंशांच्या सुमारास, पण आपल्या कामासाठी हा फरक नगण्य आहे. ज्या पातेल्यात कूलंटचा सेन्सर बुडवला ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

गॅस बंद करून पाणी निवत असताना मीटरकडे पाहत राहणे ही परीक्षेची खरी मेख आहे. चांगल्या सेन्सरचा आकडा संथपणे, न अडखळता वाढत जातो. मध्येच उडी घेणारा, क्षणभर रिकामा होणारा किंवा एका जागी अडणारा आकडा म्हणजे आतली जोडणी तुटत आली आहे, मग बर्फातला आणि उकळत्या पाण्यातला आकडा कितीही बरोबर असो. माझ्या सेन्सरने मात्र लपवाछपवी केली नाही. नळाच्या २७ अंशांच्या पाण्यात १.८५ च्या जवळपास अपेक्षा असताना त्याने ४.० दाखवले, आणि ८० अंशांना ०.३ ऐवजी ०.९. म्हणजे तापलेले इंजिन ईसीयूला जेमतेम कोमट वाटत होते आणि माझी गाडी दोन हिवाळे चोक ओढूनच फिरत होती. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये पंखा उशिरा का लागतो, हेही तेव्हाच उलगडले.

काढणे आणि बसवणे

इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. रेडिएटरचे झाकण फडक्याने धरून आधी अर्धे फिरवावे, दाब उरला नाही याची खात्री करावी आणि मग पूर्ण उघडावे. खालच्या ड्रेन नळीतून लिटर-दीड लिटर कूलंट स्वच्छ घमेल्यात काढले की पातळी सेन्सरच्या खाली जाते. नळीचा प्लास्टिकचा खटका जुना आणि ठिसूळ असेल तर त्याला हात न लावता नवा सेन्सर हाताशी ठेवून झटपट अदलाबदल करणे मी पसंत करतो. त्यात कपभर कूलंट सांडते, एवढेच. झाकण बंद ठेवले तर आणखी कमी सांडते.

कनेक्टर काढून गोटी नीट खोल बसवावी आणि घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू जोर द्यावा. सेन्सर पितळी आणि हाउसिंग ॲल्युमिनियमचे, दोन्ही मऊ धातू. धसमुसळेपणा केला तर आटे जातात आणि काही शे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. हलत नसेल तर पेनेट्रेटिंग ऑइल टाकून अर्धा तास चहा प्यावा. साध्या फिक्स पान्याने माथा गोल होण्याचा धोका असतो, म्हणून तो टाळावा. सेन्सर निघाल्यावर त्याचे जुने वॉशर भोकापाशी चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. दोन वॉशर एकावर एक बसले तर गळती ठरलेली. बसण्याची जागा फडक्याने पुसावी, खरवडू नये.

नवा सेन्सर बसवण्यापूर्वी त्याचा रोधही एकदा मोजावा. नवी वस्तूही सदोष निघते, आणि ती गाडीत बसवल्यावर कळण्यापेक्षा ओट्यावर कळलेले बरे. नवे वॉशर घालून सेन्सर आधी हाताने फिरवावा. तीन-चार आटे सहज गेले पाहिजेत. नंतर साधारण १५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावे. टॉर्क रेंच नसेल तर हाताने घट्ट बसल्यावर पान्याने जेमतेम पाव फेरा पुरतो. टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय इथे सोडावी. दोन तारांच्या सेन्सरला वॉशर असल्याने तिची गरज नसते, आणि एका तारेच्या काट्याच्या भागाला ती लावली तर त्याचा अर्थ तुटून काटा खाली पडतो. कनेक्टर टक असा आवाज येईपर्यंत दाबावा. कुलपी मोडलेली असेल तर केबल टायने बांधून घ्यावे.

पाणी भरणे आणि हवा काढणे

काढलेले कूलंट स्वच्छ असेल तर तेच गाळून परत भरता येते. गढूळ किंवा तांबूस असेल तर सगळेच बदलावे. तयार मिश्रणात पाणी घालू नये. घट्ट स्वरूपातील कूलंट असेल तर ते डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे दुकानात बॅटरीचे पाणी म्हणून मिळते त्यात, बाटलीवरच्या प्रमाणाने मिसळावे. रेडिएटरमध्ये बारीक धारेने भरावे, घाईने भरल्यास हवा अडकते. बॅटरीची केबल जोडावी, हीटर असल्यास पूर्ण गरमवर ठेवावा आणि झाकण उघडे ठेवून इंजिन आयडलवर सुरू करावे. वरचा होज मधून मधून दाबत राहिले की बुडबुडे बाहेर येतात आणि पातळी खाली जाते. तेवढे भरत राहावे. होज गरम होऊ लागला आणि बुडबुडे थांबले की, पाणी उतू जायच्या आधी, झाकण लावून टाकावे. अडकलेली हवा सेन्सरच्या टोकाशी थांबली तर नवा सेन्सरही जुन्यासारखाच वागतो आणि माणूस नाहक दुकानदाराशी भांडायला जातो.

आता इंजिन तापू द्यावे आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागण्याची वाट पाहावी. तो साधारण ९५ अंशांच्या पुढे सुरू होतो, मिनिटभर चालतो आणि थांबतो. असे दोनदा झाले की थंड करण्याची यंत्रणा आणि सेन्सर दोघांचीही खात्री पटते. काटा मध्याच्या वर चढत असूनही पंखा लागत नसेल तर इंजिन बंद करावे आणि पंख्याचा फ्यूज व रिले तपासावा. बॅटरीची केबल काढल्याने जुने कोड बहुतेक गाड्यांत पुसले जातात, त्याबरोबर ईसीयूची आयडलविषयीची शिकवणही जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी आयडल थोडे वर-खाली झाले तर घाबरू नये.

मायलेजचा निर्णय पहिल्याच टाकीवर करू नये. टाकी काठोकाठ भरून तीनशे-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा काठोकाठ भरावी, आणि असे सलग दोनदा करावे. काजळी धरलेले प्लग काढून ब्रशने साफ करावेत किंवा बदलावेत, आणि ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलही बदलावे, कारण पातळ झालेले ऑइल नव्या सेन्सरने घट्ट होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सेन्सरच्या बुडाशी बोट फिरवून ओल आहे का पाहावे आणि रिझर्व्ह बाटलीतली पातळी खुणेपर्यंत आणावी.